थ्रेडरिपर, झिऑन की रायझन? दुकानात जाण्याआधी काम मोजा

दिवसा रेंडर, रात्री गेम आणि मधल्या वेळात एडिटिंग, अशी गरज सांगून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या तीन दुकानांत फिरलात तर तीन वेगळी कोटेशन हातात पडतात. एकात १६ कोअरचा रायझन, दुसऱ्यात ३२ कोअरचा थ्रेडरिपर आणि तिसऱ्यात जुने दोन झिऑन एकाच बोर्डवर बसवलेलं 'सर्व्हर मशीन'. रायझन हा एएमडीचा घरगुती प्रोसेसर, थ्रेडरिपर त्यांचाच वर्कस्टेशनचा आणि झिऑन इंटेलचा सर्व्हरचा; कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. तिसरं सगळ्यात स्वस्त, शिवाय कागदावर त्याचे कोअरही भरपूर. इथेच माणूस गोंधळतो. पण नुसत्या कोअरच्या संख्येवरून तुलना होतच नाही. तुमचं सॉफ्टवेअर किती कोअर खरोखर राबवतं, रॅम किती लागते, कार्डं किती लावायची आहेत आणि खोली किती उष्णता सोसते, यावर निवड ठरते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सध्याच्या मशीनवर घरबसल्या तासाभरात मोजता येतात.

आधी मोजणी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'वर जा, आलेखावर राइट क्लिक करा आणि 'चेंज ग्राफ टू'मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. एका मोठ्या आलेखाच्या जागी छोट्या चौकटींची जाळी येईल, प्रत्येक थ्रेडला (कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्याला) एक चौकट. आता खरं काम सुरू करा. डेमो फाइल नको, हातात असलेला प्रोजेक्टच घ्या आणि वीस मिनिटं जाळीकडे बघत राहा.

सगळ्या चौकटी काठोकाठ भरल्या आणि तशाच भरलेल्या राहिल्या, तर जादा कोअरचे पैसे वसूल होतील. कोरोना रेंडरर, सीपीयूवर चालणारं व्ही-रे, ब्लेंडरचं सीपीयू रेंडर, मोठ्या सी++ प्रोजेक्टचा बिल्ड, यांचं चित्र असं दिसतं. इंटिरिअरची कामं करणाऱ्या ज्या ऑफिसांत कोरोना वापरतात, तिथे हा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण कोरोना सगळं रेंडर सीपीयूवरच करतो. महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन तिथे रेंडरचा वेळ कमी होत नाही.

दुसरं चित्र फसवं असतं. प्रोग्रॅम अडकलेला, माउसचं चक्र फिरतंय, आणि सीपीयूचा एकूण आकडा मात्र जेमतेम ५ टक्के. बघणाऱ्याला वाटतं, प्रोसेसर तर निवांत आहे. पण ३२ थ्रेडच्या मशीनवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा ३ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. त्यात विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे एकही चौकट पूर्ण भरलेली दिसत नाही. ऑटोकॅड, रेव्हिटमधलं मॉडेलिंग, फोटोशॉपमधली बरीच कामं या प्रकारात मोडतात. इथे एका कोअरचा वेग हवा. ६४ कोअर घेतले तरी काडीचा फरक पडणार नाही.

तिसऱ्या चित्रात चौकटी अर्ध्या रिकाम्या आणि ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या पुढे. दाविंची रिझॉल्व्हमधलं नॉइज रिडक्शन किंवा जीपीयू रेंडर चालू असताना असं होतं. मग पैसे कार्डात घाला.

त्याच टॅबमधलं 'मेमरी' पान उघडून 'कमिटेड'चा आकडाही टिपून ठेवा. तो बसवलेल्या रॅमच्या पुढे गेला असेल आणि डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर मशीन रॅमअभावी रखडतंय. आफ्टर इफेक्ट्समध्ये हे हमखास होतं. एका वेळी अनेक फ्रेम रेंडर करण्याची त्याची सोय प्रत्येक फ्रेमसाठी वेगळी रॅम मागते. ३२ थ्रेड आणि ३२ जीबी रॅम असलेल्या मशीनवर निम्मे कोअर नुसते बसून राहतात.

एक हिशोब वहीत करून बघण्यासारखा आहे. समजा तुमच्या कामाचा १० टक्के भाग एकाच कोअरवर चालतो आणि ९० टक्के सगळ्यांत वाटता येतो. १६ कोअरवर ते काम एका कोअरच्या ६.४ पट वेगाने होईल. ६४ कोअरवर? ८.८ पट. कोअर चौपट झाले आणि वेग वाढला जेमतेम ३७ टक्क्यांनी. आता प्रोसेसरची किंमत बघा. अमेरिकेत बाजारात आला तेव्हा १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स३डी ६९९ डॉलरला होता आणि ६४ कोअरचा थ्रेडरिपर ९९८०एक्स ४,९९९ डॉलरला. इथे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि आयातदाराचा वाटा वेगळा.

गेमचा वेगळा हिशोब

१४४ हर्ट्झच्या मॉनिटरला पुरायचं तर प्रोसेसरने प्रत्येक फ्रेम ६.९ मिलिसेकंदांच्या आत तयार करून द्यावी लागते. एवढ्याशा वेळात रॅमकडे हेलपाटे मारणं परवडत नाही. म्हणून गेममध्ये कॅशला, म्हणजे प्रोसेसरच्याच आतल्या छोट्या, वेगवान मेमरीला, एवढी किंमत. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या रायझन ७ ९८००एक्स३डीमध्ये आठच कोअर आहेत, पण ९६ एमबी एलथ्री कॅश (कॅशचा सगळ्यात मोठा थर) एकाच चिपलेटवर (प्रोसेसरमधल्या कोअरच्या तुकड्यावर) आहे आणि गेमचा बराचसा डेटा तिथेच मावतो. थ्रेडरिपर ९९७०एक्सची एलथ्री १२८ एमबी, पण ती चार चिपलेटमध्ये ३२-३२ अशी विभागलेली. शेजारच्या चिपलेटमधलं काही हवं असेल तर चिपलेटना जोडणाऱ्या मधल्या आय-ओ डायमधून फेरी मारावी लागते आणि त्याच्या रजिस्टर्ड (सर्व्हरसारख्या) रॅमलाही उत्तर द्यायला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून पाचपट पैसे मोजूनही गेममध्ये तो मागे पडतो. इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के कामाला दमदार आहे, पण निव्वळ गेमसाठी त्याची शिफारस करता येत नाही.

तुमचा गेम प्रोसेसरवर अडतो की कार्डवर, हे तपासायला एकच चाचणी पुरते. फ्रेमचा आकडा बघा, मग दर्जा तसाच ठेवून रिझोल्यूशन बरंच खाली आणा. आकडा उडी मारून वर गेला तर कार्ड कमी पडतंय. हलला नाही तर प्रोसेसर. ४केवर खेळणाऱ्यांना बहुतेक वेळा पहिलंच उत्तर मिळेल.

काम आणि गेम दोन्ही एकाच मशीनवर हवं असेल, तर ९९५०एक्स३डीला आजही तोड नाही. मात्र तो नीट बसवावा लागतो. त्यात आठ-आठ कोअरचे दोन चिपलेट असतात आणि जादा कॅश एकावरच. गेम चुकून दुसऱ्यावर गेला की फ्रेम अडखळतात. क्रम असा ठेवा: आधी बायॉस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) ताजं करा, मग कोरं विंडोज टाका, एएमडीच्या साइटवरून चिपसेट ड्रायव्हर घ्या, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एक्सबॉक्स गेम बार अपडेट करा आणि सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू ठेवा. जुन्या आठ कोअरच्या चिपवर टाकलेलं विंडोज तसंच पुढे वापरलं की घोटाळा इथेच होतो.

मग गेम चालू ठेवून 'रिसोर्स मॉनिटर'चा सीपीयू टॅब उघडा. उजवीकडच्या चौकटींपैकी निम्म्यांवर 'पार्क्ड' (झोपवलेला) असं लिहिलेलं दिसायला हवं. दिसत नसेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. मागे रेंडर चालू ठेवून गेम खेळायला घेतला तर पार्क केलेले कोअर जागे होतात आणि गेम दोन्हीकडे पसरतो. अशा वेळी टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन रेंडरच्या प्रोग्रॅमची 'अफिनिटी' (कोणत्या कोअरवर चालायचं ते) फक्त सीपीयू १६ ते ३१वर बांधून ठेवा. गेमला हात लावू नका. अँटीचीट असलेले काही गेम तो बदल मान्य करत नाहीत.

थ्रेडरिपर घेताना नक्की काय घेतो

थ्रेडरिपर घ्यायचा तो रॅमच्या चॅनलसाठी (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) आणि पीसीआय लेनसाठी (कार्डं आणि डिस्ककडे जाणाऱ्या वाटा). जादा कोअर हे त्यानंतरचं कारण. रायझनच्या एएम५ बोर्डवर प्रोसेसरकडून वापरायला २४ लेन मिळतात: १६ कार्डला, ४ आणि ४ दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कना. दोन कार्डं लावली की दोघांना आठ-आठ. त्यात कॅप्चर कार्ड, दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आणि आणखी दोन डिस्क आल्या की सगळे चिपसेटच्या एका अरुंद वाटेवर गर्दी करतात. चार कॅमेऱ्यांचं फुटेज थेट मशीनवर घेणाऱ्या स्टुडिओला हे जाणवतं. घरच्या एडिटरला सहसा नाही.

रॅमचंही तसंच. एएम५वर दोन स्टिक ५६०० वेगाने चालतात. चारही स्लॉट भरले की एएमडीची अधिकृत हमी ३६००वर घसरते. म्हणून ६४ जीबी हवी असेल तर ३२च्या दोन घ्या, १२८ हवी तर ६४च्या दोन. १६च्या दोन स्टिक घेऊन 'नंतर आणखी दोन लावू' म्हणणं इथे महागात पडतं. १२८च्या पुढे खरोखर गरज असेल तेव्हा थ्रेडरिपरकडे वळा.

वळलात तर रॅमही बदलते. थ्रेडरिपरच्या टीआरएक्स५० बोर्डला रजिस्टर्ड रॅम, म्हणजे आरडीआयएमएमच लागते. दोन्ही स्टिक शेजारी धरून बघा: खालच्या सोनेरी पिनांमधली खाच वेगळ्या जागी आहे. साधी डीडीआर५ त्या स्लॉटमध्ये बसत नाही आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. स्टिक चारच्या पटीत घ्या, चॅनलमागे एक. पैसे वाचवायला दोनच लावल्या तर रॅमचा वेग निम्मा होतो आणि एवढा खर्च करण्यामागचं कारणच उरत नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या किमती इतक्या वर गेल्या आहेत की आधी रॅमचं कोटेशन घ्या, प्रोसेसरचं मागून.

२४ कोअरचा ९९६०एक्स हा या मालिकेतला सगळ्यात फसवा मोह आहे. १६ वरून २४ कोअर, पण त्यासाठी बोर्ड, रॅम, कूलर, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) सगळं महाग. लेन किंवा रॅम हवी असेल तरच तो घ्यावा. नुसत्या वेगासाठी घ्यायचा तर ३२ कोअरच्या ९९७०एक्सपासून सुरुवात करा. थ्रेडरिपर प्रोला आठ चॅनल आणि १२८ लेन मिळतात, पण त्यासाठी डब्ल्यूआरएक्स९० बोर्ड हवा. तीच प्रो चिप टीआरएक्स५०वर बसते खरी, फक्त चारच चॅनल चालतात.

बसवताना स्क्रूकडे लक्ष द्या. सॉकेटच्या चौकटीवर स्क्रूंजवळ क्रमांक कोरलेले असतात. त्याच क्रमाने, बॉक्समधल्या टॉर्क स्क्रूड्रायव्हरने, 'कट्' असा आवाज येईपर्यंत आवळायचे. अंदाजाने आवळले तर चिप एका बाजूने उचललेली राहते आणि मशीन सुरू होऊनही ६४ऐवजी ४८ जीबी रॅम दाखवते. लोक रॅम बदलत बसतात. दोष स्टिकमध्ये नसतो, एका कोपऱ्यातल्या पिना नीट टेकलेल्या नसतात. कूलरही थ्रेडरिपरसाठी बनवलेलाच हवा. गोल, छोट्या तळाचा लिक्विड कूलर मधोमध टेकतो आणि कडेचे चिपलेट उघडे राहतात. एकदा बसवून परत काढा आणि पेस्टचा ठसा चारही कोपऱ्यांपर्यंत उमटलाय का ते बघा.

विंडोज ११ होमची मर्यादा १२८ जीबी रॅम आणि ६४ कोअर. थ्रेडरिपरवर प्रोच घ्या. ६४ कोअरच्या चिपवर १२८ थ्रेड होतात आणि विंडोज ते ६४च्या दोन गटांत विभागतं. जुनी सॉफ्टवेअर एकाच गटात अडकून निम्मंच मशीन वापरतात. काही जुने गेम तर एवढे थ्रेड बघून सुरूच होत नाहीत. बायॉसमध्ये एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) बंद केलं की दोन्ही अडचणी सहसा सुटतात.

सर्व्हरचे प्रोसेसर

नवा एपिक (एएमडीचा सर्व्हर प्रोसेसर) किंवा झिऑन गेमसाठी घेऊ नये, हे स्पष्टच सांगतो. अपवाद आहेत. ६४ कोअरचा एपिक ९५७५एफ ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. पण १९२ कोअरचा ९९६५ घेऊन गेममध्ये हाती काहीच लागत नाही.

सर्व्हर प्रोसेसरची खरी जागा आहे मोठ्या मेमरीच्या कामात. घरी भाषेचं मॉडेल चालवायचं असेल तर हिशोब सोपा आहे: प्रत्येक टोकनला (शब्दाच्या तुकड्याला) जवळजवळ संपूर्ण मॉडेल रॅममधून वाचावं लागतं. ४० जीबीचं मॉडेल आणि एएम५ची ५६००ची रॅम, म्हणजे सेकंदाला ८९.६ जीबी, कमाल सव्वादोन टोकन. थ्रेडरिपरच्या चार चॅनलवर ६४००ची रॅम २०४.८ जीबी देते, पाच टोकन. एपिक ९००५च्या बारा चॅनलवर ६०००ची रॅम ५७६ जीबी, चौदा. कोअर कितीही असले तरी या मर्यादेपुढे जाता येत नाही.

सर्व्हर बोर्ड टेबलाखाली आणताना चार गोष्टी गृहीत धरा. सुरू व्हायला काही मिनिटं लागतात, स्लीप बहुधा नसतं, ऑडिओ आणि वायफाय नसतं, यूएसबी मोजकेच. पडदा काळा राहिला तर घाबरू नका. चित्र बोर्डवरच्या व्यवस्थापन चिपच्या व्हीजीएला जातंय. बायॉसमध्ये प्राथमिक डिस्प्ले 'एक्स्टर्नल' करा. घरगुती, शांत पंखे लावले की बोर्ड ते बंद पडले असं समजून बाकीचे सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरवतो आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच. आयपीएमआयमधून (व्यवस्थापन चिपच्या नियंत्रणातून) पंख्यांच्या किमान आरपीएमची मर्यादा खाली आणली की हा त्रास थांबतो. कॅबिनेट घेण्याआधी बोर्डचं माप बघा. बरेच बोर्ड १२ बाय १३ इंचांचे असतात.

सेकंडहँड माल

झिऑन ई५-२६८० व्ही४ हा २०१६चा, १४ कोअरचा, कमाल ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर. फाइल सर्व्हरला किंवा शिकण्यासाठी ठीक. गेम आणि एडिटिंगसाठी मात्र आजचा सहा कोअरचा साधा रायझन त्याहून सुखाचा. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे.

जुना एपिक घेताना एक सापळा आहे. काही सर्व्हर कंपन्यांच्या बोर्डवर चिप पहिल्यांदा चालू होते तेव्हाच तिच्यातले फ्यूज त्या कंपनीच्या नावाने कायमचे बंद होतात. मग ती दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर कधीच चालत नाही. दिसायला चिप ठणठणीत, किंमत आकर्षक. तुम्ही जो बोर्ड वापरणार आहात त्यावरच चालू करून दाखवा म्हणायचं, नाही म्हटलं तर निघायचं. चिपवर मॉडेल क्रमांकाऐवजी 'इंजिनिअरिंग सॅम्पल' किंवा नुसताच सांकेतिक क्रमांक असेल तर हात लावू नका. बायॉस अपडेट झालं की ती बंद पडू शकते. १३व्या-१४व्या पिढीचा आय९ स्वस्तात मिळत असेल तर तो ऑगस्ट २०२४च्या आधी किती वापरला गेला ते विचारा. या चिप जादा व्होल्टेजने झिजत होत्या; त्यावर उपाय म्हणून ०x१२९ मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) तेव्हा आला. आधी झालेली झीज त्याने भरून निघत नाही.

मुंबईची हवा आणि वीज

यूट्यूबवरच्या चाचण्या एसी लावलेल्या २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. परळ-गिरगावातल्या खोलीत ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंश असतात. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तेव्हा प्रत्येक आकड्यात १२ अंश मिळवूनच वाचा. चाचणीत ८४ दाखवणारा रायझन तुमच्याकडे ९५च्या मर्यादेला टेकेल आणि वेग कमी करेल. ३५० वॉटच्या थ्रेडरिपरसोबत मोठं कार्ड लावलं तर पूर्ण भारावर मशीन एक किलोवॉटपर्यंत सहज जातं. ती सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन येते आणि एक टनाच्या एसीची पावाहून जास्त ताकद तिलाच लागते.

साधा ६ अँपिअरचा पॉइंट सुमारे १,३८० वॉटला संपतो. १,६०० वॉटच्या बऱ्याच एसएमपीएसना जाड, वेगळ्या तोंडाची केबल आणि १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. इलेक्ट्रिशियनकडून तो आधी काढून घ्या; एक्स्टेंशन बोर्डवर हे मशीन लावू नका. रोज आठ तास, महिन्याला २५ दिवस ७०० वॉट म्हणजे १४० युनिट. तुमच्या बिलातल्या वरच्या स्लॅबच्या दराने गुणून बघा.

पावसाळ्यात एसी बंद करून लगेच खिडकी उघडू नका. थंड कॅबिनेटवर दमट हवा आली की दव धरतं, समुद्राजवळ त्यात मीठही असतं. फिल्टर तीन-चार आठवड्यांनी धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

बिल आणि पहिले दोन दिवस

जीएसटी बिलावर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅमचे सीरियल नंबर लिहून घ्या आणि बॉक्सवरच्या नंबरशी काउंटरवरच जुळवा. ट्रे प्रोसेसर (कंपनीच्या बॉक्सशिवाय सुटा मिळणारा) असेल तर वॉरंटी कोण देणार, किती वर्षं, हे बिलावर लेखी हवं. रॅम बोर्ड कंपनीच्या तपासलेल्या यादीत आहे का ते आदल्या रात्रीच बघून ठेवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहील. डीडीआर५ स्वतःला जुळवून घेत असते, घाईने स्विच बंद करू नका. मग रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा, एकही चूक चालणार नाही. दुसऱ्या दिवशी, एसी न लावता, दुपारी अर्धा तास सिनेबेंच फिरवत ठेवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान व वेग बघा. शेवटी 'इव्हेंट व्ह्यूअर'च्या 'सिस्टिम' नोंदींत 'व्हीया-लॉगर' (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधा. १८ किंवा १९ क्रमांकाची नोंद दिसली तर आधी ओव्हरक्लॉक आणि एक्स्पो (रॅमचा वाढीव वेग) बंद करून पुन्हा तपासा. तरीही आली तर मशीन खोलू नका, बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकान गाठा.